चौघे बाप, सात लेकरे आणि दोन दिवसांचे बेट

संत्राबाग (अचलपूर तालुका) यांचा प्रश्न

नमस्कार. आमच्या गावातले आम्ही चार शेतकरी, आमच्या सात लेकरांना घेऊन, शनिवार-रविवार अशा दोन दिवसांसाठी एखाद्या बेटावर जाऊन यावे असे ठरवत आहोत. मुलांच्या आया सोबत येणार नाहीत. हे मुद्दाम ठरवलेले आहे आणि त्याचे कारण सांगितल्याशिवाय माझा प्रश्न पुरता कळणार नाही.

गेल्या हिवाळ्यात आमच्या गल्लीतला महिला बचत गट दोन दिवस देवदर्शनाला गेला आणि लेकरे आमच्या स्वाधीन झाली. त्या दोन दिवसांत चारही घरांत मिळून पोहे आणि खिचडी यांपलीकडे काही शिजले नाही. माझ्या नऊ वर्षांच्या मुलीची वेणी मला घालता आली नाही, म्हणून ती केसांना नुसते रबर लावून शाळेत गेली आणि बाईंनी तिला पाहताच विचारले, की आई गावाला गेली आहे का? मंडळी परतल्यावर आमचा जो उद्धार झाला तो इथे सांगत नाही. पण शेवटी असे ठरले, की घरात राहून जे जमले नाही ते बापांनी बाहेर नेऊन करून दाखवावे.

बेटाचा हट्ट माझ्या मुलीचा. ‘चारही बाजूंनी पाण्याने वेढलेल्या भूभागाला बेट म्हणतात’ हे वाक्य तिने पाठ केले आणि रात्री जेवताना मला विचारले, ‘‘बाबा, बेटावर उभं राहिलं की पाणी तर समोरच दिसणार. मागच्या बाजूलाही पाणीच आहे हे आपल्याला कळतं कसं?’’ मला उत्तर देता आले नाही, कारण मी स्वतः कधी बेटावर पाय ठेवलेला नाही. आमच्याकडचे पाणी म्हणजे बागेतली विहीर, ठिबकच्या नळ्या आणि फार तर सापन धरण.

आमची अडचण अशी आहे. आंबिया बहाराचा माल उतरला की डिसेंबरच्या अखेरीस आम्हांला सवड मिळते. शुक्रवारी दुपारी निघून सोमवारी सकाळपर्यंत गावात परत यायला हवे. मुले सहा ते तेरा वर्षांची आहेत, त्यांपैकी तीन मुली. क्रूझर गाडी ठरवता येईल, रेल्वेचीही तयारी आहे. आम्हां चौघांपैकी दोघांनाच पोहता येते आणि तेही विहिरीत शिकलेले पोहणे आहे, वाहत्या पाण्याचे नव्हे. अशा मंडळींनी कोणते बेट निवडावे आणि कशाकशाची काळजी घ्यावी, हे अनुभवी लोकांनी सांगावे.

करवंद (यवतमाळ)

बेट म्हटले की पहिल्यांदा सिंधुदुर्ग आठवतो, म्हणून तो विचार आधीच बाजूला काढून देतो. २५ नोव्हेंबर १६६४ रोजी पायाभरणी झालेला, मालवणच्या किनाऱ्यासमोर कुरटे बेटावर उभा असलेला आणि दूधबाव, दहीबाव, साखरबाव या गोड्या पाण्याच्या विहिरी भर समुद्रात सांभाळणारा हा किल्ला मुलांनी पाहावाच असा आहे. परंतु आपल्या भागातून तिथे जाण्यातच तुमचे दोन दिवस खर्ची पडतील आणि लेकरांना बेटाऐवजी गाडीच्या खिडक्या आठवतील. उन्हाळ्याच्या सुट्टीत आठवडाभराची सवड काढून, आयांसह जा. पावसाळ्यात मात्र मालवणहून किल्ल्यावर जाणाऱ्या होड्या बंद असतात.

पूर्णाकाठ (अकोट)

भाऊ, तुमच्या मुलीचा प्रश्न वाचला आणि उत्तर तिथल्या तिथे सुचले: मांधाता. आपण ज्याला ओंकारेश्वर म्हणतो ते ज्योतिर्लिंग मुळात एका बेटावर आहे आणि त्या बेटाचे नाव मांधाता. एका अंगाने नर्मदा वाहते, दुसऱ्या अंगाने कावेरी. ही दक्षिणेतली कावेरी नव्हे, नर्मदेला मिळणारी एक लहान नदी आहे. आपली माणसे पिढ्यान्‌पिढ्या तिथे दर्शनाला जातात, पुलावरून बेटावर उतरतात, रांगेत उभी राहतात, प्रसाद घेतात आणि परत येतात; आपण एका बेटावर जाऊन आलो हे त्यांच्या लक्षातही येत नाही. मी स्वतः तीन वेळा तसाच जाऊन आलो होतो. चौथ्या वेळी, दोन वर्षांपूर्वी, मी आणि माझा मेहुणा आमची चार मुले घेऊन गेलो आणि तेव्हा पहिल्यांदा बेटाची परिक्रमा केली.

ही परिक्रमा साधारण सात किलोमीटरची आहे. मोठा माणूस दोन-अडीच तासांत ती उरकतो. आम्हांला मुलांसह साडेचार तास लागले, कारण मुले चालत नाहीत, ती थांबतात. सकाळी सातला निघालो. वाटेत जुन्या देवळांचे कोरीव दगड पडलेले होते. सिद्धनाथाच्या मंदिरापाशी दगडी चौथऱ्यावर हत्ती कोरलेले आहेत. ते मोजायला माझ्या धाकट्याने सुरुवात केली आणि अर्ध्यावर विसरून पुन्हा पहिल्यापासून मोजले. पश्चिमेच्या टोकाला दोन्ही नद्या एकत्र येतात. तिथल्या खडकांवर उभे राहिल्यावर डाव्या हाताला नर्मदा आणि उजव्या हाताला कावेरी दिसते, आणि तुमच्या मुलीच्या प्रश्नाचे अर्धे उत्तर तिथेच मिळते. उरलेले अर्धे, आपण जिथून निघालो त्याच पायऱ्यांवर दुसऱ्या बाजूने परत येतो तेव्हा मिळते. संपूर्ण वाटेत पाणी कुठे ना कुठे एकाच हाताला राहते. माझ्या मुलाने ते हेरले होते आणि ‘‘डावा हात ओला’’ असे तो दर दहा मिनिटांनी ओरडत होता. वेढा घातल्याशिवाय वेढलेले कळत नाही, असे माझे मत झाले आहे. बेटाचा आकार ॐसारखा आहे असे सांगतात. आमच्या पोट्ट्यांनी मोबाईलवर उपग्रहाचे चित्र काढून त्यावर बराच वाद घातला आणि निकाल लागला नाही.

मुलांसाठी आणखी एक गोष्ट. बेटावर शंकराचार्यांचा १०८ फुटी पुतळा २०२३ साली उभा राहिला आहे आणि तो बारा वर्षांच्या शंकराचा आहे. तुमच्या तेरा वर्षांच्या मुलाला आपल्यापेक्षा वयाने लहान मुलाचा एवढा मोठा पुतळा पाहून काय वाटते ते जरूर विचारा. शिवाय घाटावर पांढऱ्या कपड्यांतले, हाती काठी घेतलेले नर्मदा परिक्रमावासी भेटतात. त्यांना नर्मदा ओलांडायची नसते, म्हणून परिक्रमा पूर्ण होईपर्यंत ते या बेटावर पाऊल ठेवत नाहीत. समोर देऊळ दिसत असूनही पलीकडच्या काठावरच हात जोडणारा माणूस पाहून मुले पहिल्यांदा गप्प झाली. त्यांना ‘‘नर्मदे हर’’ म्हणायला शिकवून ठेवा, उत्तर मिळतेच.

राहण्यासाठी शेगावच्या श्री गजानन महाराज संस्थानाचे भक्तनिवास ओंकारेश्वरला आहे. आपल्या माणसांना तिथली शिस्त आणि स्वच्छता सांगायला नको. शुक्रवारी दुपारी निघून सेमाडोह, हरिसाल, धारणी असा मेळघाट उजेडातच पार करा. घाटात अंधार पडू देऊ नका. पुढे खंडवा, आणि खंडव्यापासून ओंकारेश्वर साधारण सत्तर किलोमीटर. घाटातल्या वळणांवर सातपैकी निदान दोन लेकरांना उलट्या होणार हे गृहीत धरून पिशव्या आणि आवळा सुपारी जवळ ठेवा.

आता काळजीचे. पहिली गोष्ट पाण्याची. बेटाला लागूनच वरच्या अंगाला ओंकारेश्वर धरण आहे आणि त्याच्याही वर इंदिरा सागर. वीजनिर्मितीसाठी पाणी सोडले की, आकाशात ढग नसतानाही, नदी पाहता पाहता चढते. पाणी सोडण्याआधी भोंगा वाजतो. भोंगा ऐकला की दगडावरची चप्पलसुद्धा न उचलता पायऱ्या चढायच्या, हे मुलांना खोलीतच पढवून ठेवा. २००५ साली इंदिरा सागरच्या खालच्या बाजूला धाराजी येथे असेच अचानक आलेले पाणी यात्रेकरूंवरून गेले होते, म्हणून हे ठासून सांगतो.

दुसरी गोष्ट नावेची, आणि ती माझी स्वतःची चूक आहे. आम्ही नावेत बसलो तेव्हा नावाड्याने सगळ्यांना लाइफ जॅकेट दिली. पण माझ्या मुलाच्या जॅकेटचे बक्कल तुटलेले होते. मी रुमालाची गाठ मारून ते बांधले आणि नाव सुटली. मध्यधारेत आल्यावर तो रुमाल माझ्याकडे पाहत होता असे म्हणायला हरकत नाही. तिथेच उतरून दुसरी नाव पाहायला हवी होती. सर्वांसमोर कटकट कशाला करायची, हा जो आपला भिडस्तपणा आहे, तो पाण्याच्या काठावर सोडून द्यावा.

आणि हो, खंडवा जिल्ह्यातच हनुवंतिया टापू म्हणून एक ठिकाण आहे, तिथे इंदिरा सागरच्या पाण्यात खेळ, तंबू असे पुष्कळ असते. मजा येते, पण पैसा बराच लागतो आणि तुमच्या मुलीचा प्रश्न तिथे सुटणार नाही.

खडू-डस्टर (धामणगाव)

मी शिक्षिका आहे, दोन मुलांची आई आहे, आणि माझ्या यजमानांनी गेल्या वर्षी आमच्या दोन्ही मुलांना घारापुरीला नेले होते, म्हणून लिहिते.

समुद्रच दाखवायचा असेल तर दोन दिवसांत जमणारे बेट घारापुरी आहे. अमरावतीहून किंवा बडनेऱ्याहून शुक्रवारी संध्याकाळची गाडी धरली की शनिवारी सकाळी मुंबई. गेटवेवरून लाँचने साधारण तासाभराचा प्रवास आहे. सोमवारी लेणी बंद असतात, त्याचा तुम्हांला प्रश्न नाही. बेटाच्या धक्क्यापासून पायथ्यापर्यंत छोटी आगगाडी चालते आणि पुढे सुमारे १२० पायऱ्या चढाव्या लागतात. मुख्य लेण्यातली तीन मुखांची शिवमूर्ती जवळपास वीस फूट उंच आहे. ही लेणी १९८७ पासून जागतिक वारसा यादीत आहेत. पायऱ्यांवरची माकडे मात्र हातातले काहीही हिसकावतात. आमच्या मुलाच्या हातातले मक्याचे कणीस असेच गेले आणि परतीच्या प्रवासात लेण्यांपेक्षा त्या कणसाचीच चर्चा अधिक झाली.

मुलांच्या मनावर काय ठसले ते सांगते. सकाळी लाँच धक्क्याला लागली तेव्हा पाणी दगडांपर्यंत होते आणि दुपारी परत येताना तिथे नुसता काळा चिखल, त्यात बारीक खेकडे. आमच्या धाकटीने वडिलांना विचारले, की कोणत्या धरणाने हे पाणी अडवले? भरती-ओहोटी पुस्तकात होती, पण विदर्भातल्या मुलाला पाणी कमी होणे म्हणजे कोणीतरी दार उघडणे किंवा बंद करणे एवढेच ठाऊक असते. दुसरी गोष्ट विजेची. या बेटावरच्या गावांना समुद्राखालून टाकलेल्या केबलने नियमित वीज मिळाली ती २०१८ साली, हे ऐकून माझ्या मुलाला फार नवल वाटले. आपल्याकडचे भारनियमन त्याला एकदम सौम्य वाटू लागले.

तरीही तुमच्या मुलीच्या दृष्टीने पाहिले तर घारापुरीत एक उणीव आहे. पर्यटक धक्का, पायऱ्या आणि लेणी एवढेच पाहतो, मागची बाजू त्याला दिसत नाही, आणि संध्याकाळच्या लाँचने परतावेच लागते. म्हणजे चारही बाजूंच्या पाण्याविषयी पुस्तकावरच विश्वास ठेवावा लागतो. शिवाय १८ डिसेंबर २०२४ रोजी घारापुरीकडे निघालेल्या प्रवासी बोटीवर नौदलाची स्पीडबोट आदळून अनेक जीव गेले. त्यामुळे लाँच कितीही मोठी असो, लाइफ जॅकेट अंगात असल्याशिवाय मुलांना वरच्या मजल्यावर जाऊ देऊ नका.

आता ज्या गोष्टी पुरुषमंडळी विचारत नाहीत त्या सांगते. तीन मुली आणि चार बाप, म्हणजे स्वच्छतागृहाच्या दाराशी तुमची पंचाईत होणार. मुलींची जोडी लावून द्या, मोठी मुलगी लहानीबरोबर आत जाईल आणि एक बाप दारापासून चार पावलांवर उभा राहील. कोणता बाप ते सकाळीच ठरवा. तेरा वर्षांची मुलगी असेल तर तिच्या आईने तिच्या पिशवीत काय ठेवले आहे हे तिला विचारत बसू नका, फक्त ती पिशवी तिच्याच खांद्यावर राहील एवढे पाहा. प्रत्येक बापाने आपापली मुले सांभाळावीत असे ठरवलेत तर एकाच बापावर तीन लेकरे येतील आणि दुसरा फोटो काढत बसेल. त्यापेक्षा लहान तिघांना दोन बाप, मोठ्या चौघांना दोन बाप, असे वाटून घ्या. दुपारच्या वेळी अदलाबदल करा.

वेणीविषयी तुम्ही शेवटी काही विचारले नाही. पण प्रश्नात ती आली आहे, म्हणून सांगते. शुक्रवारी निघण्याआधी तिच्या आईने तेल लावून दोन घट्ट वेण्या घालून द्याव्यात, असा सोपा मार्ग आहे. परंतु तो घेतलात तर तुमच्या पैजेचे काय?

संत्राबाग (अचलपूर तालुका)

सर्वांचे आभार. ताई, तुमचे शेवटचे वाक्य आमच्या घरात मोठ्याने वाचले गेले आणि सोपा मार्ग बंद झाला.

चौघे काल संध्याकाळी पारावर बसलो होतो. दोघांचा ओढा समुद्राकडे होता, कारण समुद्र त्यांनीही पाहिलेला नाही आणि मुलांच्या निमित्ताने तो पाहून घ्यावा असा त्यांचा, बोलून न दाखवलेला, विचार होता. शेवटी मुलांनाच विचारले. ‘‘चालत गोल फिरता येतं का?’’ एवढेच माझ्या मुलीने विचारले आणि मांधाता ठरले. सहा वर्षांचे लेकरू सात किलोमीटर चालेल का, एवढी एकच शंका उरली आहे.

फुगवटा (पवनी तालुका)

तुमचे ठरले आहे, तरी आमच्या बाजूचे दोन शब्द लिहितो. ते कदाचित दुसऱ्या कोणाला उपयोगी पडतील.

पूर्व विदर्भातल्या बापांनी एवढ्या लांब जाण्याची गरज नाही. गोंदिया जिल्ह्यातला नवेगाव बांध हा कोलू पाटील कोहळी यांनी अठराव्या शतकात बांधलेला तलाव आहे, आणि त्याच्या पाण्यात मालडोंगरी नावाचे बेट आहे. हिवाळ्यात तिथे दूरदेशीचे पक्षी उतरतात. नावेची सोय चालू आहे का, हे निघण्याआधी वनविभागाकडे विचारून घ्यावे.

माझे स्वतःचे बेट मात्र नकाशावर नाही. आमचे जुने गाव गोसीखुर्दच्या फुगवट्यात गेले. या धरणाचे भूमिपूजन १९८८ साली झाले तेव्हा मी चौथीत होतो आणि प्रत्यक्ष पाणी चढले तेव्हा मला मुलगा झालेला होता. उन्हाळ्यात पाणी उतरले की गावठाणाचा उंच भाग उघडा पडतो आणि काही आठवडे तो चारही बाजूंनी पाण्यात असतो. दोन वर्षांपूर्वी मी मुलाला डोंग्यात बसवून तिथे घेऊन गेलो. डोंगा वल्हवणारे काका आमच्याच गावचे, त्यांना कुठे काय आहे हे पाण्याखालूनही ठाऊक. जोत्याचे दगड, एक पाटा आणि कवेलूंचे तुकडे, एवढेच तिथे उरले आहे. मी मुलाला आमचे घर कोणते, शाळा कोणती, हे दाखवत होतो. तो मात्र काठाकाठाने पळत सुटला, पाच मिनिटांत पूर्ण फेरी मारून माझ्यासमोर येऊन उभा राहिला आणि म्हणाला, ‘‘बाबा, तुमचं गाव संपलं.’’ त्याला एवढेच म्हणायचे होते, की बेट फिरून झाले. मी काही बोललो नाही. काकांनी त्याला पाट्याचा दगड दाखवला आणि यावर काय वाटायचे ते विचारले, मग तो तिथे बसून बराच वेळ चिखल वाटत होता.

सहा वर्षांच्या लेकराविषयी: अर्धी वाट ते चालेल, उरलेली तुमच्या खांद्यावर. खांदे मोजून ठेवा.

पूर्णाकाठ (अकोट)

खांद्याचे बरोबर आहे. संगमापर्यंत मुले पळतात, त्यानंतर बसतात. तिथे पोचेपर्यंत सोबतचा खाऊ बाहेर काढू नका. आमचा खाऊ पहिल्या वळणावरच संपला होता आणि पुढची सगळी वाट मी बिस्किटांच्या आश्वासनावर काढली.

संत्राबाग (अचलपूर तालुका)

डिसेंबरच्या शेवटच्या शनिवारचे ठरवले आहे. गाडी सांगून झाली, सात शिट्ट्या आणल्या आहेत आणि बक्कल तपासण्याचे काम ज्याचा स्वभाव सर्वांत कटकट्या आहे त्याच्याकडे दिले आहे. ताई, कालपासून वेणीचा सराव सुरू केला. चार घातल्या, तीन सुटल्या. कुठे चुकते आहे?

खडू-डस्टर (धामणगाव)

केस ओले असताना घालत असाल तर आधी ते कोरडे होऊ द्या. तीनही पेड सारखे घ्या. पुरुष मधला पेड जाड घेतात आणि बाजूचे दोन बारीक राहून निसटतात. प्रत्येक वेळी बाजूचा पेड मधल्यावर आणला की खाली ओढून घट्ट करायचा, तिसऱ्या-चौथ्या वेळी एकदम ओढायचा नाही. आणि मुलीला उभे करून नव्हे, समोर खाली बसवून, तुम्ही खाटेवर बसून घाला, म्हणजे ती हलणार नाही. न सुटलेली चौथी कोणती, हे तिलाच विचारा. मुलींना ते बरोबर माहीत असते.